मीटरवाल्यांच्या घरी विचारावे

९ जानेवारी

वहिनी,

पाकिटावरचं अक्षर माझं आहे हे पाहून तुम्ही जरा थबकाल. दादा गेल्यापासून मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, तुम्हीही नाही. दीड वर्ष होऊन गेलं. दोन वेळा तुमच्या शेजारच्या बेकरीचा नंबर फिरवला आणि ठेवून दिला. फोनवर आपण दोघी आधी गप्प बसतो, मग दोघीही एकदम 'बरं, ठेवते' म्हणतो. म्हणून कागद घेतला.

काम आहे, तेच सांगते. आमच्या छापखान्यात एक पुस्तिका छापायला आली आहे. शनिवारी निघायचं आणि रविवारी परत यायचं, अशी अठ्ठावीस गावं. प्रत्येकाला एक पान. ही दुसरी आवृत्ती. पहिली चार वर्षांपूर्वी दुसरीकडे कुठे छापली होती. प्रुफं तपासायला नेहमीप्रमाणे माझ्या टेबलावर आली आणि एकोणिसाव्या पानावर तुमचं गाव निघालं.

पान चुकांनी भरलेलं आहे. कोरड्या पुलाला वरच्या ओळीत सहा कमानी आहेत, खालच्या ओळीत सात. तिरकी गल्ली 'दीड हात रुंद' आहे आणि लगेच पुढे 'दोन माणसे आरामात जातात'; ती माणसं कोणत्या मापाची कोण जाणे. चौकातल्या बिननावाच्या पुतळ्याच्या हातात पुस्तक आहे की गुंडाळलेला कागद? जुन्या गोदामाच्या भिंतीत जे जिन्याशिवायचं दार आहे, ते हिरवं की निळं? मला यातलं काही सांगता येत नाही. मी त्या गावात दोनदा आले, आणि दोन्ही वेळा स्टेशनवरून घरी आणि घरून स्टेशनवर. दादा दर पत्रात लिहायचा, एक शनिवार काढून ये, सगळं फिरवतो. मी लिहायची, पुढच्या वेळी नक्की.

पानाची शेवटची ओळ अशी आहे: 'गाव नीट पाहायचे असल्यास मीटरवाल्यांच्या घरी विचारावे. पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षे मीटर वाचत प्रत्येक दारात गेलेले हे गृहस्थ सुटीच्या दिवशी हौसेने गाव दाखवतात.'

हे मी चार वेळा वाचलं. व्याकरण बरोबर आहे. पण पुढे काय करायचं ते सुचत नाही. ठेवू की काढू, ते तुम्ही सांगा.

तब्येतीला जपा.

तुमची नणंद


२१ जानेवारी

वन्सं,

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण तुम्ही विचारलंत ते जाऊन बघावं लागलं. आणि आमच्या हॉस्पिटलच्या कपडेघरात दोघींचं काम सध्या मी एकटी करते. दुसरी बाई बाळंतपणाला गेली आहे. फाटक्या चादरींना ठिगळं लावायची, उशांच्या खोळी वॉर्डावार लावायच्या, डाग न निघालेलं बाजूला काढायचं. हात चालतात, डोळे दमतात.

पुलाची एक कमान अर्धी जमिनीत गेली आहे. ती धरली तर सात, नाही धरली तर सहा. म्हणजे तुमच्या दोन्ही ओळी बरोबर आहेत. गल्लीतून मी सरळ जाते, बेकरीवाले आडवे होऊन जातात. पुतळ्याच्या हातात कागद आहे. दार हिरवं होतं. आता रंगच उरलेला नाही, पण तुम्ही हिरवं लिहा.

शेवटच्या ओळीचं तुम्हाला योग्य वाटेल ते करा. लोक अजून येतात. जुनी पुस्तिका हातात असते. यांना विचारतात. मग मी चपला घालते. शनिवारी माझं काम दोनला सुटतं, तीनला ते दारात असतात.

माझं बरं आहे.

वहिनी


३० जानेवारी

वहिनी,

तुमचं पत्र छापखान्यातल्या माझ्या खणात ठेवलं आहे. 'मग मी चपला घालते' हे वाक्य दिवसातून एकदा तरी काढून वाचते. इतक्या थोडक्यात मला कधी लिहिता आलं नाही.

एक गोष्ट मोकळेपणी लिहून टाकते. दादाला पोचवून घरी आलो त्या दिवशी मी तुम्हाला बोलले. नऊ दिवस माणूस अंथरुणावर होता आणि मला एक निरोप नाही, असं म्हणाले आणि संध्याकाळच्या गाडीने निघून आले. त्याच्या आधीपासूनच माझ्या मनात एक अढी होती. तुमचं लग्न झालं त्या वर्षी मी आले होते तेव्हा पाहिलं होतं. दादा रंगात येऊन काही सांगत होता आणि तुमची मान खाली. ऐकत नव्हतात तुम्ही. माझा बोलका भाऊ एका मुक्या घरात पडला, असं मी तेव्हापासून धरून चालले होते. आणि आता तोच माणूस गेल्यावर त्याचं गाव तुम्ही लोकांना दाखवता, तेही आठवडाभर चादरी शिवून झाल्यावर. मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं.

मालकांचं म्हणणं, माणूस हयात नाही तर ओळ काढा, तेवढी जागा जाहिरातीला होईल. मी नाही म्हटलं. एकोणीस वर्षांत मी त्यांच्याशी भांडले ती फक्त अनुस्वारावरून, त्यामुळे ते जरा बिचकले. विचार करतो म्हणालेत.

मी आले तर चालेल का? दादाबरोबर पाहायचं राहून गेलं. तुमच्याबरोबर तरी पाहीन.

तुमची नणंद


८ फेब्रुवारी

वन्सं,

या. सतरा तारखेचा शनिवार. गाडी साडेबाराला येते. मी कामावर असेन, किल्ली बेकरीत ठेवते. बाहेरच्या खोलीत तुमचं अंथरूण घालते. तिथली खिडकी पूर्ण लागत नाही, शाल आणा. पायात बूट घाला, साडेचार किलोमीटर चालणं आहे आणि निम्मं दगडांतून.

त्या नऊ दिवसांचं. हे म्हणाले होते, तिला कळवू नको, काम टाकून धावत येईल आणि मी आठ दिवसांत उठून बसेन. मी ऐकलं. यांचं तेवढं एक ऐकलं म्हणायचं.

वहिनी


२५ फेब्रुवारी

वहिनी,

परत येऊन सहा दिवस झाले. पोटऱ्या अजून दुखताहेत आणि ते दुखणं जावंसं वाटत नाही.

तुम्ही अडीचला घरी आलात ते डोळ्यांसमोरून हलत नाही. बाहीला पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. मी केलेला चहा तुम्ही उभ्याउभ्या प्यायलात, नळाखाली तोंड धुतलंत, आणि दार वाजलं. बँकेतले ते तीन कारकून आणि ते निवृत्त जोडपं. आजोबांच्या हातात आमच्याच पुस्तिकेची जुनी आवृत्ती, पान दुमडलेलं. तुम्ही त्यांच्याशी बाहेर काय बोललात ते आतून ऐकू आलं नाही, पण दोन मिनिटांत आपण सगळे रस्त्यावर होतो.

गोदामाच्या भिंतीखाली उभं राहून मान वर केली तेव्हा मला हसू आलं. खरंच दार. उंबरा आहे, कडी आहे, आणि उंबऱ्याखाली दोन पुरुष उंचीची सपाट भिंत. तुम्ही म्हणालात, 'दोन भावांची वाटणी झाली. गोदाम थोरल्याला गेलं, जिना धाकट्याला. धाकट्याने आपला जिना उपटून नेला.' कारकून पोट धरून हसले. त्यातला एक म्हणाला, आमच्या घरात असंच झालंय, फक्त तिथे नळ गेला.

आणि पूल. चहूकडे सपाट माळ, पाण्याचा थेंब नाही, आणि मधोमध तो भलामोठा पूल, नेसून-सवरून कुणाची तरी वाट पाहत बसल्यासारखा. तुम्ही सावलीत दगडावर टेकलात आणि म्हणालात, नदीने वाट बदलली तेव्हा पूल पाडून दगड विकावेत असं ठरत होतं. पण गावातल्या म्हाताऱ्यांनी पाडू दिला नाही. म्हणाले, नदी कधी परत आली तर तिला वाटायला नको की आपली जागा मोडली. मी कमानीच्या मागे जाऊन रडले. तुम्ही पाहिलंत, आणि पाहिलं नाही असं दाखवलंत, त्याबद्दल आभार. माझ्या भावाचाच आवाज होता तो. इतकी वर्षं मी ज्याला पुढच्या वेळी म्हणत होते, ते मला तुमच्या तोंडून ऐकायला मिळालं.

आता एक अडचण. मुद्रितशोधकाला एकाच मजकुराचे दोन पाठ दिसले की अन्न गोड लागत नाही. रविवारी सकाळी ते आजीसकट सहा जणांचं कुटुंब आलं, तेव्हा त्याच दाराखाली तुम्ही सांगितलंत की गोदामवाल्याला लोकांना भेटायचा वैताग होता, म्हणून त्याने जिनाच पाडून घेतला आणि टोपली सोडून जेवण वर घ्यायचा. हसले तेही पोट धरूनच. पुतळा शनिवारी गावात पाणी आणणारा इंजिनियर होता, रविवारी स्वतःच्या भावाला शिक्षा सुनावणारा न्यायाधीश. दादा कोणतं सांगायचा? तेवढं कळवा. पानावर दोन ओळींची जागा निघते आहे, तिथे दादाची गोष्ट जाऊ दे.

शेवटची चांगली बातमी. मालक तयार झाले. ती ओळ मी नव्याने लिहिली: 'गाव नीट पाहायचे असल्यास मीटरवाल्यांच्या घरी विचारावे. त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नी तितक्याच हौसेने गाव दाखवतात.' खाली घराचा पूर्ण पत्ता घातला आहे, म्हणजे लोकांना बेकरीत विचारत बसायला नको. गुरुवारी आपल्या पानाचा फर्मा छपाईसाठी मशीनवर चढतो. तुमच्यासाठी आणि दादासाठी एवढं तरी हातून झालं.

तुमची नणंद


२ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र काल मिळालं, गुरुवारी संध्याकाळी. आज सकाळी कामावर जाण्याआधी बेकरीतून तुमच्या छापखान्यात फोन केला. कुणीतरी उचलला, 'थांबा, बोलावतो' म्हणाला. मशीनचा आवाज येत राहिला. दहा मिनिटं उभी होते. मग माझी बस आली.

ती ओळ छापू नका. छापली असेल तर काय करायचं ते मला माहीत नाही.

तुम्ही विचारता दादा कोणतं सांगायचा. मला ठाऊक नाही. दाराचं नाही, पुलाचं नाही, पुतळ्याचं नाही. एकही नाही. तुम्ही त्या वर्षी जे पाहिलंत ते बरोबर पाहिलंत. बावीस वर्षं हे माझ्यासमोर खुर्चीत बसून गावाबद्दल बोलले. मी पहाटे पाचला उठणारी. संध्याकाळी घरी येऊन टेकले की हे सुरू करायचे आणि दहा मिनिटांत माझी मान खाली. मध्येच जाग आली तर मी 'हं' म्हणायची, कळतंय असं दाखवायला. एक गोष्ट मला शेवटपर्यंत माहीत नाही. सुरुवाती माहीत आहेत. 'तिरक्या गल्लीत एकदा काय झालं.' काय झालं ते नाही.

हे गेल्यावर तिसऱ्या शनिवारी दार वाजलं. नवरा-बायको होते, तीन तास गाडीत बसून आलेले. पुस्तिका दाखवली. त्यांना परत पाठवणं जमलं नाही. मीच गेले बरोबर. दाराखाली उभं राहून त्यांनी विचारलं, हे असं का? मी तोंडाला आलं ते बोलले. ते हसले. मला वाटलं झालं एकदाचं. पुढच्या शनिवारी पुन्हा दार वाजलं.

तेव्हापासून सत्तरएक शनिवार झाले. मी मशीनवर बसले की गोष्टी जुळवते. कधी आदल्या आठवड्यात काय सांगितलं ते विसरते. दर वेळी वाटतं, यांच्याबरोबर पूर्वी आलेलं कुणीतरी निघेल आणि म्हणेल, बाई, मीटरवाले तर वेगळंच सांगत होते. तेवढी एक खरी गोष्ट तरी कळेल. कुणी निघालं नाही.

हौस म्हणून लिहिलंत. मला हौस नाही. गुडघा सुजतो. शनिवारी दुपारी मला पडायचं असतं, कुणाशी न बोलता. पहिल्या पत्रात तुम्ही ठेवू की काढू विचारलंत तेव्हा मी 'काढा' लिहिणार होते. मग वाटलं, बायकोनेच नवऱ्याची ओळ काढायला सांगितली असं होईल, आणि तेही तुम्हाला. आधीच तुमच्या मनात माझ्याबद्दल काय आहे ते माहीत होतं. म्हणून तुमच्यावर सोडलं.

पुलाची गोष्ट मी त्याच दिवशी सकाळी केली होती, बालवॉर्डाच्या चादरीला ठिगळ लावताना. तुम्ही कमानीमागे गेलात तेव्हा सांगणार होते. नाही सांगितलं. दोन दिवस तुम्ही घरात होतात, तेव्हाही नाही. तुम्हाला तुमचा भाऊ भेटला होता, तो मी कुठे काढून घेऊ?

आता सांगितलं.

वहिनी


७ मार्च

वहिनी,

फर्मा गुरुवारी दुपारी छापून झाला. तीन हजार प्रती. तुमचं पत्र सोमवारी आलं. शुक्रवारच्या फोनबद्दल मी मशीनवर विचारलं. ज्याने उचलला होता त्याला आठवतही नाही.

मी स्वतःला काय म्हणू? तुम्ही लिहिलं होतं 'योग्य वाटेल ते करा'. मी ते 'ठेवा' असं वाचलं. लिहिलं आहे तेवढंच वाचायचं, मनाचं घालायचं नाही, हे मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवते.

मालकांकडे गेले. पान पुन्हा छापायला ते तयार नाहीत, आणि त्यांचं चूक नाही. वर चिकटवायची पट्टी छापून देतो म्हणाले, चिकटवायची तुम्ही. पट्टीवर एवढंच आहे: 'या गावात मार्गदर्शक नाही. सर्व ठिकाणे रस्त्यावरून दिसतात.' घराचा पत्ता आणि आधीची ओळ तिच्याखाली पूर्ण झाकली जाते. मी मोजून पाहिलं.

बांधणीच्या खोलीत पाचनंतर बसते. डिंक, ब्रश, फडकं. पहिल्या दिवशी एकशे ऐंशी झाल्या आणि पाठ धरली. बांधणीवाल्या दोघी न सांगता थांबल्या, त्यांनी मला ब्रश कसा धरायचा ते दाखवलं. काल तीनशे झाल्या.

पुलाचं वाईट वाटलं, खोटं बोलत नाही. मग वाटलं, रडू तर खरं होतं. ते परत घेता येत नाही, आणि घ्यायचंही नाही.

जुनी पुस्तिका घेऊन येणारे येतच राहतील. त्यांना दार उघडू नका, असं सांगायचा मला काय अधिकार? पण उघडू नका.

तुमची नणंद


२९ मार्च

वहिनी,

तीन हजार झाल्या. बोटांना अजून डिंकाचा वास येतो. पुस्तिका काल गठ्ठे बांधून गेल्या.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मात्र मला बसू देत नव्हतं: 'तेवढी एक खरी गोष्ट तरी कळेल.' परवा सुटी होती. कपाटावरचा बुटांचा खोका काढला. दादाची पत्रं त्यात आहेत, अकरा. आली तेव्हा मी ती वाचली होती, म्हणजे उभ्याउभ्या, एक डोळा घड्याळावर ठेवून. परवा जमिनीवर बसून सगळी वाचली. नऊ वर्षांपूर्वीच्या एका पत्रात हे आहे. विरामचिन्हांसकट जसंच्या तसं उतरवते:

'रविवारी पाच जण आले होते, त्यांना हवेतलं दार दाखवलं. विचारायला लागले, हे असं का? मी म्हटलं, ठाऊक नाही. पंचवीस वर्षं दर घरी विचारतोय, दर घरी वेगळं सांगतात. पुलाचंही तेच, पुतळ्याचंही तेच. कचेरीतले जुने कागद भिजून गेले, आता कुणाला कळायचं नाही. तुम्हाला काय वाटतं? तर पाचही जण आपापसांत असे जुंपले की चहाची वेळ निघून गेली. मला यातच मजा वाटते. गोष्ट सांगणारा मी नव्हे, मी आपला मीटर बघणारा. आकडा दिसतो तो वाचायचा.'

कळलं का वहिनी? तुम्ही झोपलात म्हणून काही हरवलं नाही. त्याच्याकडे गोष्टी नव्हत्याच. त्या गावाच्या जेवढ्या गोष्टी आहेत तेवढ्या सगळ्या तुम्ही केलेल्या.

त्याच पत्रात पुढच्या पानावर आणखी आहे. हे मी उतरवताना दोनदा थांबले:

'तुझी वहिनी कामावरून येते ती इतकी दमून की पडली तरी डोळा लागत नाही, नुसती छताकडे बघत राहते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या तिला सोसत नाहीत. मग एकदा माझ्या लक्षात आलं, की मी समोर बसून बोलत राहिलो की तिला झोप लागते. विषय कोणताही चालतो, फक्त आवाज चढवायचा नाही. म्हणून गावाचं सांगत बसतो, कुठल्या गल्लीत कोणता नळ, कुणाचा मीटर उलटा फिरतो. दहा मिनिटांत मान खाली. गप्प झालो की जागी होते, म्हणून आणखी अर्धा तास बोलायचं. शेजारी म्हणतात, या माणसाला बोलायची हौस फार. म्हणू देत.'

हे मला नऊ वर्षांपूर्वी आलं होतं. मी वाचलं होतं. आणि तरी मी तुम्हाला मुकं घर म्हणाले. तुम्ही निदान दमून झोपलात. मी डोळे उघडे ठेवून झोपले होते.

मूळ पत्र सोबत घातलं आहे. ते तुमच्याकडेच असायला हवं.

आणि एखादा शनिवार इकडे या. आमच्याकडे बघण्यासारखं काहीही नाही.

तुमची नणंद


१७ एप्रिल

वन्सं,

पत्र मिळालं. यांचं पत्रही मिळालं. वाचलं. त्यावर काही लिहायला बसले होते, दोन कागद फाडले. ते राहू दे.

कपडेघरातली बाई परत आली आहे. बाळ तिच्या आईकडे असतं. ती माझ्या शेजारच्या मशीनवर बसून दिवसभर बाळाचंच बोलते. मी ऐकते. खरंच ऐकते, कुठल्या कुशीवर झोपतं तेही मला माहीत आहे.

परवाच्या शनिवारी चौघं आले. दोन बहिणी आणि त्यांचे नवरे. हातात जुनी पुस्तिका. थोरलीने विचारलं, मीटरवाले काका आहेत का घरात?

आता एक तुम्हाला सांगते, जे तुम्ही आत असताना तुम्हाला ऐकू आलं नव्हतं. गेल्या दीड वर्षात ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना मी सांगत आले, ते बाहेर गेलेत, उशिरा येतील, चला मी दाखवते. कुणालाही वेगळं सांगितलं नाही. का ते मला सांगता येणार नाही. पहिल्या वेळी तोंडातून तसंच गेलं, आणि मग तेच चालू राहिलं.

परवा मी म्हटलं, 'ते वारले. दोन वर्षं होतील.'

थोरलीच्या हातातली पुस्तिका खाली आली. म्हणाली, 'आम्हाला काही माहीत नव्हतं हो.' मी म्हटलं, 'कुणालाच सांगितलं नव्हतं.' तिने माझा हात धरला. बराच वेळ धरला. दारातच उभ्या होतो आम्ही. मग तिच्या नवऱ्याने हळूच विचारलं, 'पूल कुठल्या बाजूला?' मी सांगितलं, सरळ जा, बेकरीनंतर उजवीकडे वळा, माळ लागला की दिसेल. तो म्हणाला, 'आणि नदी नाही तिथे तो बांधला कशाला?' मी म्हटलं, 'मला माहीत नाही.'

ते गेले. मी दार लावलं, चपला काढल्या, यांच्या खुर्चीत बसले. घरात कसलाच आवाज नव्हता, त्यामुळे डोळा लागायला वेळ लागला. पण लागला.

पाच मेला शनिवार आहे. रजा घेतली आहे. सकाळच्या गाडीने येते. स्टेशनवर येऊ नका, घर मी शोधून काढीन. मला कुठे फिरवू नका. संध्याकाळी तुम्ही काही बोला, छापखान्याचं, मालकांचं, काहीही. मी ऐकेन. झोप लागली तर उठवू नका.

वहिनी